आमची वाटचाल: हृदयाची एक आकृती आणि तिचे प्रवास

आमचा स्टुडिओ तिघांचा. विज्ञानाच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढायच्या, हेच काम. पेशी, डोळ्याचा छेद, फुलाचे भाग. सुरुवातीला कामं कमी आणि वेळ भरपूर, म्हणून काढलेल्या आकृत्या वेबसाइटवर टाकत गेलो. खाली एक ओळही लिहिली नाही. उघड ठेवलंय म्हणजे ज्याला हवं तो घेईल, असं वाटायचं.

झालं भलतंच. कॉपीराइटविषयीचा आंतरराष्ट्रीय बर्न करार मानणाऱ्या देशांत चित्र काढलं की कॉपीराइट आपोआप लागू होतो, नोंदणीची गरज नसते. त्यामुळे नियम पाळणारी माणसं आमच्या आकृत्यांना हात लावेनात, आणि न पाळणारे सही खोडून बिनधास्त उचलू लागले.

मग क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने वाचले: आपलं काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावं हे आधीच सांगून ठेवणारे तयार परवाने. डिसेंबर २००२ पासून ते आहेत आणि आम्हाला पत्ताच नव्हता! घाबरत घाबरत सहांपैकी सगळ्यांत आवळलेला निवडला: श्रेय द्या, व्यापारी वापर नको, बदल नको.

पहिलंच पत्र एका शिक्षिकेचं आलं. आकृतीतली नावं मुलांच्या भाषेत घालून पुढे द्यायची होती, चालेल का? परवान्याप्रमाणे चालणार नव्हतं. ते पत्र मी बरेच दिवस समोर ठेवलं होतं. मुलांना वाचताच येत नसेल तर एवढी मेहनत कुणासाठी घेतली? व्यापारी वापराचंही तेच. फी घेणारी कार्यशाळा त्यात मोडते की नाही, हे विचारणाऱ्यालाही कळेना आणि आम्हालाही. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून आम्ही तिघं खूप भांडलो. शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्सचाच बाय-एसए ४.० घेतला: श्रेय द्या, वाटेल ते बदला, पण बदललेलं याच अटींवर पुढे द्या.

त्रासही झाला. एका पुस्तकात आमची हृदयाची आकृती पानात बसावी म्हणून आडवी उलटवली होती. डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची, जाड भिंत पानावर उजवीकडे असते ती डावीकडे गेलेली, महाधमनीची कमान उलट्या दिशेला वळलेली, आणि खाली ठळक अक्षरात आमचं नाव. बदल केल्याची नोंदही नाही. ती नोंद परवान्यात सक्तीची आहे, आणि आपलं नाव काढून टाका असं सांगायचा हक्कही आपल्याला आहे. आम्ही दोन्ही लिहून कळवलं. पुढच्या आवृत्तीत आकृती सरळ झाली, तेव्हा नाव राहू दिलं.

त्याच आकृतीचं दुसरं रूप मात्र मी आजही टेबलावर ठेवते. अंध मुलांसाठी कुणीतरी ती उठावाची केली. आमच्या निम्म्या रेषा काढून टाकल्या, कारण जवळजवळच्या रेषा बोटांना वेगळ्या लागत नाहीत. लाल रंगाच्या जागी ठिपके, निळ्याच्या जागी तिरप्या रेघा. डोळे मिटून बोट फिरवलं तेव्हा समजलं, आमच्या मूळ आकृतीत झडपांपाशी किती गर्दी होती.

त्यांनी ती त्याच परवान्याखाली ठेवली होती, म्हणून आम्हालाही घेता आली. मूळ आकृती तिच्यावरून नव्याने काढली, आणि श्रेयाच्या ओळीत त्यांचं नाव लिहिलं. आमच्याकडे येणारी बरीचशी कामं आता त्या ओळी वाचून येतात: आकृती कुणीतरी कुठेतरी वापरलेली असते, खाली नाव असतं, आणि त्यांना तशीच पण मूत्रपिंडाची हवी असते.