जानेवारीत रिगा, तेही आईला घेऊन

बर्लिनमधल्या मराठी मित्रमंडळींनी आधी वेड्यातच काढलं. लोक थंडीत कॅनरी बेटांवर पळतात आणि तू आईला घेऊन लॅटव्हियाच्या राजधानीत, रिगाला? पण आईच्या व्हिसाची मुदत संपत आली होती, मला सुट्टी जानेवारीतच होती आणि विमानाची तिकिटं स्वस्त पडत होती.

कागदपत्रांचं फारसं काही नव्हतं. व्हिसा जर्मनीने दिलेला असला तरी तो शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणारा, लॅटव्हियाही शेंगेनमध्ये आणि २०१४पासून तिथे युरोच चालतो. या प्रवासात पासपोर्ट सहसा कोणी बघत नाही, तरी तो घरी ठेवायचा नाही एवढंच. विमानतळावरून २२ नंबरची बस अर्ध्या तासात गावात सोडते.

खरी तयारी पायांची. जुन्या रिगात गल्ल्यांमधून गोट्यांची फरसबंदी आहे. दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठला की चालणं मुश्कील. बुटांवर चढवायचे रबरी पट्टे मिळतात, खाली लोखंडी दाते असलेले. ‘बैलाला नाल ठोकल्यासारखं काय हे!’ म्हणत आईने नाक मुरडलं. पहिली गल्ली संपेपर्यंत मात्र तिला ते पटले. दुकानात शिरताना काढायचे तेवढे लक्षात ठेवा, गुळगुळीत फरशीवर त्यांच्यामुळेच घसरायला होतं. आणि फुटपाथवर फीत बांधून वाट अडवलेली दिसली तर मुकाट्याने वळसा घ्या. वर छपराच्या कडेला बर्फाचे सुळके लटकत असतात.

सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि चारला गुल. म्हणून उघड्यावरचं सगळं दहा ते तीनमध्ये बसवलं. अल्बर्टा स्ट्रीटवर मान वर करूनच चालावं लागतं, भिंतींवर आ वासलेले मुखवटे, सिंह, काय काय. यातल्या बऱ्याच इमारती मिखाईल आयझेनश्टाईन यांच्या, म्हणजे सिनेदिग्दर्शक सेर्गेई आयझेनश्टाईन यांच्या वडिलांच्या. सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्यावर लिफ्टने ७२ मीटर उंचीपर्यंत जाता येतं. वरच्या वाऱ्यात आम्ही जेमतेम पाच मिनिटं टिकलो.

अंधार पडू लागला की सेंट्रल मार्केट. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन झेपेलिनच्या, म्हणजे अवाढव्य हवाई जहाजांच्या, हँगरांचे सांगाडे वापरून हे पाच प्रचंड मंडप उभारले आणि १९३०मध्ये बाजार सुरू झाला. भाजीच्या मंडपात आंबवलेल्या कोबीची पिंपं, दुधाच्या मंडपात शहाजिरं घातलेलं चीज. पण आई मूळची मालवणची, ती रमली मासळीत. लॅटव्हियन, रशियन काही येत नसताना तिने माशाचा कल्ला बोटाने उचलून बघितला आणि मान हलवली. विक्रेतीने हसून खालच्या पेटीतला दुसरा काढून दिला. आता हॉटेलच्या खोलीत तो शिजवणार कुठे? परत ठेवला. शेजारी लॅम्प्रे होते, सापासारखे लांब, तोंडाच्या जागी नुसतं गोल भोक. ‘याला जबडाच नाही रे,’ म्हणून तिने ते चाखायला साफ नकार दिला. धुरी दिलेले स्प्रॅट, म्हणजे छोटे मासे, मात्र तिथेच उभ्या-उभ्या डोकं-शेपटी मोडून खाल्ले. संध्याकाळ तिथेच गेली आणि दुसऱ्या दिवशीचं संग्रहालय तिने परस्पर रद्द केलं.

निघताना स्प्रॅटची हवाबंद पाकिटं घेतली. बर्लिनपर्यंत कस्टमची भानगड नव्हती. मालवणला नेता येतील का, ते विचारायला आईने मला रांगेत पुन्हा उभं केलं.