इलेक्ट्रिक गाडीला लायसन्स नको, पण इन्शुरन्स तरी हवाच

कोल्हापुरात राजारामपुरीत क्लास सुटायच्या टायमाला उभं राहून बघा, आठवी-नववीची पोरं इलेक्ट्रिक स्कूटरवर तिघं तिघं बसून जाताना दिसतील, आणि घरच्यांना विचारलं तर म्हणणार, हिला लायसन्स लागत नाही ओ.

आता नियम काय आहे तर मोटर २५० वॅटच्या आत, स्पीड ताशी २५ किमीच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, तरच ती गाडी कायद्यात मोटार वाहन धरत नाहीत, म्हणजे लायसन्स, पासिंग, नंबर प्लेट, इन्शुरन्स काहीच नाही. यातलं एक जरी ओलांडलं तरी सगळं लागतं, बाकीच्या गाड्यांसारखंच. पण कंट्रोलरचं, म्हणजे मोटरचा स्पीड आवरणाऱ्या भागाचं, लिमिट काढलं की तीच गाडी जोरात पळते आणि नंबरच नाही म्हटल्यावर ओळखणार कोण?

माझं मत स्पष्ट आहे. खऱ्या स्लो गाडीला लायसन्स नको, गंगावेशीत भाजी आणायला जाणाऱ्या आजोबांना आरटीओच्या चकरा कशाला. पण थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे धडक बसलेल्या दुसऱ्या माणसाला भरपाई देणारा, तो पाहिजे, गाडी विकतानाच किमतीत घालून. कारण महाद्वार रोडच्या गर्दीत एखाद्या म्हातारीला धक्का लागून खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशनचा खर्च कोण देणार? पेट्रोल गाडी असती तर निदान क्लेम करता आला असता, इथं धडकवणाऱ्याच्या खिशात असेल तेवढंच.

आणि लिमिट काढून देणाऱ्या दुकानदारावर आधी केस करा, पोरांना धरायचं नंतर बघू.