डायलिसिस मशीनची निवड: गुणांची बेरीज कुठे फसवते

मशीन खरेदीच्या बैठकीत बहुधा एकच तक्ता फिरतो: निकष, त्यांची वजनं (कोणता निकष किती महत्त्वाचा), गुण आणि शेवटी बेरीज. तक्ता हवाच. पण त्यात सुरक्षितता घालू नका. बेरजेत एकीकडची उणीव दुसरीकडे भरून निघते. सुटे भाग स्वस्त म्हणून कमकुवत एअर डिटेक्टर (रक्ताच्या नळीतली हवा ओळखणारं उपकरण) कसा चालवून घेणार?

म्हणून आधी चाळणी. एअर डिटेक्टर, ब्लड लीक डिटेक्टर (रक्त द्रावणात झिरपलं तर ओळखणारा), द्रावणाच्या कंडक्टिव्हिटीचे (क्षारांच्या प्रमाणाचे) आणि तापमानाचे अलार्म, अल्ट्राफिल्ट्रेशनवर (शरीरातलं जादा पाणी काढण्यावर) अचूक नियंत्रण, वीज गेल्यावर ब्लड पंप चालू ठेवणारी बॅटरी. यातलं एक जरी नसलं तरी मशीन बाद. पाण्याचा हिशेबही इथेच करा: मिनिटाला 500 मिली डायलिसेट (रक्त शुद्ध करणारं द्रावण), 4 तास, म्हणजे एका रुग्णामागे 120 लिटर. दहा मशीन एकदम चालली तर तासाला 300 लिटर, शिवाय धुण्याचं आणि निर्जंतुकीकरणाचं पाणी वेगळं. आरओला (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला) हे झेपत नसेल तर पुढची चर्चा व्यर्थ.

चाळणीतून उरलेल्या मशीनसाठी, निकषांची वजनं ठरवायला, थॉमस साटी यांची एएचपी (ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस) पद्धत उपयोगी पडते. दोन-दोन निकष समोरासमोर ठेवून 1 (दोन्ही सारखे) ते 9 (एक कितीतरी जास्त महत्त्वाचा) मध्ये उत्तर द्यायचं. समजा, दुरुस्तीसेवा ही वापरातल्या सोयीच्या 3 पट महत्त्वाची आणि सोय ही जागेच्या 3 पट. मग सेवा जागेच्या 9 पट यायला हवी. कुणी तिथे 2 लिहिलं, तर विसंगतीचं गुणोत्तर (उत्तरं एकमेकांशी किती जुळत नाहीत याचं माप) 0.22 च्या आसपास जातं. चालतं ते 0.10 पर्यंत. अशा वेळी आकडे परस्पर ‘बसवू’ नका. नर्स आणि टेक्निशियनना पुन्हा विचारा. बऱ्याचदा निकषाचा अर्थच दोघांनी वेगळा धरलेला असतो.

सगळ्यात जास्त घात होतो तो गुणांच्या मोजपट्टीत. निर्जंतुकीकरणाला तीन मशीन 35, 36 आणि 40 मिनिटं घेतात. सर्वोत्तमाला 100, शेवटच्याला 0 दिलं की गुण येतात 100, 80, 0. पाच मिनिटांच्या फरकावर एक मशीन त्या निकषात शून्यावर! वजन ठरवताना ‘वेळ किती महत्त्वाचा?’ असं विचारूच नका. ‘40 वरून 35 वर आल्याने दोन शिफ्टच्या मध्ये काय साधतं?’ असं विचारा. काहीच साधत नसेल तर वजन जवळपास शून्य.

शेवटी प्रत्येक वजन पाव हिश्श्याने वर-खाली करून बघा. पहिला नंबर बदलला, तर आधीच्या आणि नव्या पहिल्या मशीनमधली निवड तक्त्यावर सोडू नका. दोन्ही आपल्याच पाण्यावर, आपल्याच नर्सच्या हाती चालवून बघा.