अपडेट काढलं, तरी काटा गप्पच

बुधवारी सकाळी साडेआठला चुलतभावाचा फोन, "दादा, रात्री अपडेट झालंय आणि काट्यावरचं वजन कॉम्प्युटरला येईना झालंय, ये की लवकर." कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात काकांचं गुळाचं अडत दुकान आहे. तिथला इलेक्ट्रॉनिक काटा यूएसबी-टू-सिरीयल केबलने कॉम्प्युटरला जोडलाय, रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, काट्यावर चढले की वजन सरळ सॉफ्टवेअरमध्ये येतं आणि त्यावरनंच शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाचं बिल, निघते. मी पोचलो तर काट्याच्या डिस्प्लेवर वजन व्यवस्थित, स्क्रीनवर मात्र शून्य. सौदे उरकलेले, पन्हाळ्याकडनं आलेली मंडळी पट्टीसाठी थांबलेली, हमाल आकडा ओरडून सांगतोय आणि काका वहीत हाताने लिहितायत. पहाटे गुऱ्हाळावरनं माल भरून निघालेला माणूस असा ताटकळत बसलेला मला बघवत नाही.

"अपडेट काढून टाक की सरळ," भाऊ म्हणाला, आणि मलाही तेच वाटलं कारण वेळ बरोबर जुळत होती. विंडोजचं महिन्याचं सिक्युरिटी अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतं, तिकडं अमेरिकेत सकाळ असते पण आपल्याकडं थंडीच्या दिवसात रात्रीचे साडेअकरा, म्हणजे त्याचा परिणाम आपल्याला बुधवारी सकाळी दुकान उघडल्यावर कळतो.

विंडोज ११ मध्ये ते काढायची वाट अशी, सेटिंग्ज, मग विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी आणि एकदम खाली अनइन्स्टॉल अपडेट्स. तिथं प्रत्येक अपडेटचा केबीने सुरू होणारा नंबर असतो, तारीख बघून तो आधी कागदावर लिहून घेतला आणि मगच अनइन्स्टॉल दाबलं. रीस्टार्टला वेळ लागतो, टक्के एका जागी अडकल्यासारखे वाटतात, पण त्या वेळी बटण दाबून मशिन बंद करायचं नाही म्हणजे नाही. भाऊ दोनदा पुढं आला, दोनदा त्याला थांबवलं. मशिन चालू झालं, काट्यावर रवा ठेवला, स्क्रीनवर परत शून्य.

तेव्हा कळलं की चूक भलतीकडंच शोधतोय. अपडेट हिस्टरीतच ड्रायव्हर अपडेट्स म्हणून वेगळा भाग असतो, तो उघडला तर त्याच रात्रीच्या तारखेला केबलचा ड्रायव्हर, म्हणजे केबलशी विंडोजचं बोलणं जुळवून देणारा छोटा प्रोग्राम, बदललेला! केबल बनवणाऱ्यांनी नवा ड्रायव्हर दिला होता आणि तो आमच्या जुन्या केबलला चालत नव्हता. म्हणजे रात्री एक नाही, दोन गोष्टी आल्या होत्या आणि आम्ही नको तीच काढून बसलो होतो. खात्री करायला स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाईप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडली, तिथं कुठल्या दिवशी काय घातलं गेलं ते तारखेवार दिसतं, फार कामाची जागा आहे आणि तिकडं कुणी बघतच नाही.

मग डिव्हाईस मॅनेजर उघडला, पोर्ट्समध्ये त्या केबलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब आणि रोल बॅक ड्रायव्हर. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कॉम पोर्टचा नंबर, म्हणजे विंडोजने केबलला दिलेला नंबर, सॉफ्टवेअरमध्ये होता तोच आहे ना बघितलं, रवा ठेवला, आणि वजन उमटलं. काकांनी वहीतली वजनं भरून घेतली आणि पहिली पट्टी निघाली.

भावाचं म्हणणं पडलं की आता ते अपडेट परत घालूच नको, चाललंय ते चालू दे. मला हे पटत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा तो ज्या फटीतून शिरत होता ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच निघालं होतं, म्हणजे दोन महिने आधी, आणि ज्यांनी घातलं नव्हतं त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. या मशिनवर शेतकऱ्यांची खाती, उचल, बाकी सगळं आहे. म्हणून अपडेट परत घालायचंच असं काकांनाही सांगितलं.

मशिन चालूच होत नसेल तर वाट वेगळी. रिकव्हरी स्क्रीनवर ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात अनइन्स्टॉल अपडेट्स असतं आणि शेवटचं महिन्याचं की शेवटचं मोठं काढायचं ते विचारतं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर तिथं ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो, ती आजच कुठंतरी लिहून ठेवा, अडचणीच्या वेळी शोधत बसू नका. आणि वर्षाचं मोठं व्हर्जन बदललं असेल तर सिस्टीम, रिकव्हरी, गो बॅक असं मागं जाता येतं, पण फक्त १० दिवस. जागा हवी म्हणून विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर उडवलं तर तेही गेलं.

संध्याकाळी शेवटची गाडी गेल्यावर बसलो. तोच ड्रायव्हर आपोआप परत यायची शक्यता कमी व्हावी म्हणून डिव्हाईस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये नो केलं, मग सकाळी काढलेलं अपडेट पुन्हा घातलं, कागदावरचा केबी नंबर जुळवला. रीस्टार्ट झाल्यावर भावाने कोपऱ्यातला एक रवा उचलून काट्यावर ठेवला, स्क्रीनवर वजन आलं, काकांनी शटर निम्मं खाली ओढत विचारलं, "झालं का?" आणि भावानेच उत्तर दिलं, "झालं की, अपडेटसकट."