काका, जरा मागे राहाल का

रविवार, रात्री साडेदहा

"काका, तुम्ही जरा मागे राहाल का? धूर येतोय."

एवढंच. आज पुण्याच्या पेठा बघायच्या आमच्या स्कूटर-फेरीत एक मुलगी म्हणाली, तेही अगदी आर्जवाने, हेल्मेटची काच वर करून. काळ्या हौदापाशी. मी "हो, हो" म्हणून गाडी कडेला घेतली, बाकीच्या दहा गाड्या पुढे जाऊ दिल्या आणि मग मागे लागलो. त्यानंतर जेवण झालं, दुपारची झोप झाली, बापूचा फोन येऊन गेला, पण ते "जरा मागे" काही डोक्यातून जात नाही.

तिचीही स्कूटर बजाजची चेतकच. २०२० साली रस्त्यावर आलेली, विजेवरची. क्लच नाही, किक नाही, धूर तर नाहीच. माझी आकुर्डीची जुनी, टू-स्ट्रोक, १४५ सीसी, डाव्या मुठीत क्लच आणि चार गिअर. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दोघींनाही. एका चेतकने दुसऱ्या चेतकला मागे हो म्हणायचं आणि वर बसलेल्याने मान डोलवायची.

(तिचं बरोबरच होतं, हे आत्ताच लिहून टाकतो. म्हणजे पुढे रडायला मोकळा.)

धुराचं गणित साधं आहे. टू-स्ट्रोकच्या क्रँकला आणि पिस्टनला वेगळं ऑइल मिळत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल जाता जाता वंगण देतं आणि जळून जातं. गाडी सलग चाळीसने पळाली तर ते नीट जळतं. आमच्या फेरीत गाडी पळतच नाही. पंधरा-वीसचा वेग, दुसरा गिअर, दर दोन-तीनशे मीटरला थांबा, आणि इंजिनं चालूच ठेवून कोणीतरी नाना फडणवीसांबद्दल बोलणार. पेठा बघायला स्कूटरसारखं वाहन नाही, बोळात वळते, वाड्याच्या दिंडीशी उभी राहते. पण टू-स्ट्रोकचे याहून मोठे हाल नाहीत. न जळलेलं ऑइल क्रँककेसमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं, आणि पुढे ॲक्सिलरेटर पिळला की मागच्याच्या तोंडावर निळसर लोट. मागे ती होती.

त्यात आजची वाट उताराची. पाण्याच्या मागोमाग जायचं ठरलं होतं, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमाराला हे काम काढलं. कात्रजला दोन तलाव, वरच्यात गाळ बसायचा. तिथून दगडचुन्याच्या भुयारी नळातून पाणी शहरात. नळ कसला, माणूस आत उतरून चालेल एवढा. पंप नाही, रहाट नाही, सगळी भिस्त उतारावर. आणि वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास. वरून बघितलं तर दगडचुन्याचं चौकोनी बांधकाम, कोणालाही वाटेल पडक्या घराचा कोपरा राहिलाय. आत कोंडलेली हवा तिथून बाहेर पडायची, पाण्याचा जोर तिथे मोडायचा, गाळ तळाला बसायचा आणि नितळलेलं पाणी पुढे जायचं. गाळ काढायला माणूस तिथूनच उतरायचा. पुढच्या मुलाने स्पीकरवरून "ही विहीर" म्हणून सांगितलं. विहिरीत पाणी खालून येतं, इथे बाजूने येऊन बाजूने जातं. तिथे मी तिसऱ्या नंबरावर होतो, हात वर केला, त्याला दिसला नाही.

पूर्वी तो स्पीकर नव्हता. पूर्वी आवाज लागायचा. असो.

उतारावर पोरं ॲक्सिलरेटर सोडून गाडी तशीच घरंगळू देतात. विजेच्या गाडीला ते चालतं. टू-स्ट्रोकला नाही, कारण पेट्रोल तुटलं की ऑइल तुटलं. चाक इंजिनाला फिरवतंय, पिस्टन कोरडा घासतोय. लांब उतारावर पिस्टन धरतो तो असाच, आणि धरला की मागचं चाक जागेवर लॉक. म्हणून मधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा पिळायचा, अगदी वेग वाढवायचा नसला तरी. मी भारती विद्यापीठ, बालाजीनगर, पद्मावती असा पिळत पिळतच आलो. मागे बसणाऱ्याला वाटतं काका उगाच आवाज करतायत. तिलाही वाटलं असणार. स्वारगेटच्या सिग्नलला तीन मिनिटं उभं राहिलो, गाडी आयडलिंगवर, आणि सुटल्यावर जो काय लोट निघाला असेल तो मला आरशात दिसलाच नाही. माझा आरसा हलतो.

स्वारगेटपासून बाजीराव रस्ता धरायचा, तो एकदिशा आहे आणि पाण्याच्याच दिशेने, दक्षिणेकडून उत्तरेला. पेशव्यांचं आणि वाहतूक पोलिसांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट असावी. येताना शिवाजी रस्ता. उलटं करायला गेलात तर सगळी फेरी बोळांतून करावी लागते, आणि शुक्रवार पेठेतले बोळ रविवारी सकाळीसुद्धा टेम्पोंनी भरलेले. साडेसहाला कात्रज सोडलं तर साडेआठच्या आत शनिवारवाडा होतो. नऊनंतर मंडईपाशी पायी चालणारा तुमच्या पुढे जातो. गाड्या लावताना सम-विषमची पाटी बघायची, गप्पांच्या नादात उचलून नेतात.

हौद तर नावापुरतेच. बदामी हौद, फडके हौद, नाना हौद, लोक पत्ता सांगताना रोज म्हणतात आणि फडके हौदाला रोज हजार गाड्या वळतात, पण पाण्याचा थेंब बघायला कोणी वळत नाही, कारण बघायला काही नाहीच. चौक आहे. फरासखान्याजवळ बाहुलीचा हौद तेवढा आहे, डॉ. विश्राम रामजी घोले यांनी मुलीच्या आठवणीसाठी बांधलेला. तिथे मात्र कोणीतरी बोलायला हवं होतं. स्पीकर त्या वेळी पुढे, मी मागे, मधे दहा गाड्या.

पुन्हा तिथेच आलो. मागे.

खरं सांगायचं तर शेवटच्या गाडीचं काम वेगळंच असतं आणि ते मला माहीत आहे, आजवर मीच दुसऱ्यांना सांगत आलोय. पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला गाड्या दिसतात. कोणाचं साइड स्टँड खाली राहिलंय, कोणाची ओढणी चाकाशी लोंबतेय, कोण गिअर न टाकता नुसताच क्लच दाबून चाललाय. म्हणून हत्यारं शेवटच्याकडे हवीत: २१ चा प्लग पाना, दोन नवे प्लग, क्लचची एक केबल, पक्कड, पॉलिश पेपर, फडकं. माझ्या डिकीत हे सगळं कायम असतं. म्हणजे मागे जायची तयारी मी करूनच आलो होतो म्हणायची.

फडके हौदाला वहिनींची प्रिया स्कूटर बंद पडली. (साताऱ्याची प्रिया, सातारा रस्त्यानेच आलेली, आणि रुसली कुठे तर पेठेत.) पुढचे निघून गेले. वहिनींनी सवयीने गाडी कलवली, दोन किका, परत कलवली. थंड गाडीला कलवणं ठीक, कार्बोरेटरमधून थोडं जास्त पेट्रोल आत जातं आणि तेच हवं असतं. गरम आणि आधीच तुंबलेल्या गाडीला कलवणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं. कॉक बंद केला. इंजिनाच्या बाजूचं कव्हर काढलं, प्लगची टोपी उपसली, पाना लावला. प्लग बाहेर आला तो काळा, ओला, आणि दोन टोकांच्या मधे कार्बनचा कण, मोहरीच्या निम्मा. तेवढ्याने ठिणगी पडायची बंद. प्लग काढलेलाच ठेवून पाच-सहा किका, आतलं जादा पेट्रोल बाहेर. कण नखाने काढला, टोकं पॉलिश पेपरने घासली, मधे हॅकसॉ ब्लेड सरकवून बघितलं. ब्लेड जेमतेम अडकून जायला हवं, तेवढा गॅप पुरतो. मग प्लग आधी हाताने तीन-चार आटे फिरवायचा आणि नंतरच पाना. हेड ॲल्युमिनियमचं असतं, वाकड्या आट्याला पाना लावला की हेडच गेलं. दुसऱ्या किकेला चालू. नऊ मिनिटं.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी पोचलो तेव्हा बाकीचे चहाला निघाले होते. हजारी कारंज्याचं, त्याच्या १९७ धारांचं, सांगून झालं होतं. आम्ही दोघं मागे राहिलोय हे तिथे आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तीच पुढे आली, म्हणाली, "काका, तुम्ही मागे होतात म्हणून बरं झालं." मी हसलो. आता वाटतं हसायला नको होतं, किंवा जरा उशिरा हसायला हवं होतं.

वहिनी म्हणाल्या, तुमचा प्लग पण बघा एकदा. तेव्हा लागलं ते.

संध्याकाळी बघितला. काळा. बिस्किटी रंगाचा हवा, कोरडा. मग पाना ठेवायला डिकी उघडली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला माझ्याच अक्षरात मार्करने लिहिलेलं: "बोअर नवीन. ४० मिली. ५०० किमीपर्यंत." गाडी बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून, आणली तेव्हाचं. नवा पिस्टन बसेपर्यंत ऑइल दुप्पट, लिटरला चाळीस. पाचशे किलोमीटर झाले की वीसवर यायचं. रीत आहे ती, बरोबरच आहे. हात मात्र चाळीसवरच राहिला, दर वेळी, पंपावर, न बघता. मीटरवर बघितलं, बोअर केल्यापासून तीनशे बारा. मनात म्हटलं, मग झालं, अजून पाचशे कुठे झालेत.

मग आठवलं, स्पीडोमीटरची केबल तुटून तीन दिवाळ्या झाल्या.

म्हणजे मीटरच्या हिशेबाने माझी गाडी अजून नवीकोरी आहे. खूप वेळ एकटाच हसत बसलो, बायकोने आतून विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, वय मोजतोय.

तर हिशेब असा. टाकीत साधारण दोन लिटर आहे, लिटरला चाळीसने ऐंशी मिली ऑइल. त्यात दोन लिटर नुसतं पेट्रोल ओतलं की चार लिटरला ऐंशी, म्हणजे वीस झालं. पुढे फक्त वीसचं माप. सायलेन्सर काढून आतला कार्बन तापवून झाडायचा, नाहीतर जुनं ऑइल महिनाभर धुमसत राहील. प्लग नवा. दोन तासांचं काम, धूर नव्वद टक्के जाईल.

आणि धूर गेला की ती म्हणणार, काका, या आता पुढे. पुढे तो स्पीकर. पुढून वहिनी दिसत नाहीत. आणि उच्छ्वास विहीर नाही हे त्या मुलाला पुढे जाऊनच सांगायला हवं असंही काही नाही, चहाच्या टपरीवर सांगता येईल.

डिकीतलं "४०" रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, "२०" लिहिलं. पेट्रोल उद्या टाकतो. केबलचं काही एवढं अडलेलं नाही, ती राहू दे तशीच.