टाकी भरलेली, काटा अर्ध्यावर: फ्लोट बदलण्याआधी अर्थिंग बघा

कार्ब्युरेटरच्या काळातल्या गाडीचा पेट्रोलचा काटा चुकायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, गेला, नवीन टाका. फ्लोट कधीकधी जातोही. पण टाकी उघडणं हे या कामातलं सगळ्यात कटकटीचं आणि सगळ्यात धोक्याचं पाऊल आहे, त्यामुळे ते शेवटी ठेवावं. त्याआधी वीस मिनिटांत बाहेरूनच बरंच कळतं. इथे जुनी मारुती 800 डोळ्यांसमोर ठेवली आहे. ओम्नी आणि जिप्सीलाही हेच लागू पडतं.

टाकीत फ्लोटच्या दांडीला एक बारीक पत्ती असते. ती तार गुंडाळलेल्या पट्टीवरून सरकते. हे सगळं मिळून फ्लोट युनिट. टाकी भरलेली असताना पट्टीचा रोध काही मोजके ओहम असतो, टाकी रिकामी होत जाते तसा तो शंभराच्या आसपास चढतो. करंट फ्यूजमधून काट्यात, काट्यातून वायरने टाकीपर्यंत, मग पट्टीतून टाकीच्या पत्र्यात आणि तिथून बॉडीत जातो. ही बॉडीशी असलेली जोडणी म्हणजे अर्थिंग. या वाटेवर कुठेही जास्तीचा रोध शिरला, गंजलेला स्क्रू असो की कळंक चढलेला कपलर (वायर जोडायचा प्लग), तरी काट्याला तो ‘पेट्रोल कमी’ असाच दिसतो. भरलेल्या टाकीला वीस-तीस ओहमची भर पडली तर काटा अर्ध्याच्या आसपास येऊन थांबतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात किनाऱ्याजवळ राहिलेल्या गाड्यांत अर्थिंगचा दोष आधी धरावा तो यासाठीच. खारी हवा आणि पावसाचं पाणी टाकीच्या बोल्टपाशी बरोबर पोचतं.

तपासणी अशी. इग्निशन चालू करा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन फ्लोट युनिटच्या पत्र्याला, रंग खरवडून. 0.1 व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर दोष सापडला. मग इग्निशन बंद करून तात्पुरती वायर जोडून बघा: आधी युनिटच्या पत्र्याला, आणि दुसरं टोक शेवटी, टाकीपासून लांब, बॉडीच्या स्वच्छ बोल्टला. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडू शकते, म्हणून हा क्रम बदलू नये. आता इग्निशन चालू केल्यावर काटा जागेवर आला तर जुना अर्थ पॉइंट पॉलिश पेपरने चकचकीत करा, नवीन रिंग टर्मिनल लावा, वरून ग्रीस. काम झालं.

अर्थिंग चांगलं असेल तर इग्निशन बंद करून युनिटचा कपलर काढा. पुन्हा चालू केल्यावर काटा रिकाम्यावर पडायला हवा. नाही पडला आणि भरलेलीच दाखवत राहिला, तर वायर वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला लागते आहे. पडला, तर काट्याकडून आलेली वायर 12 व्होल्ट, 3.4 वॅटच्या छोट्या बल्बमधून अर्थ करा. काटा वर चढायला हवा. वायर थेट बॉडीला टेकवून ठेवू नका, काट्याच्या आतली कॉइल तापते. हे काटे उष्णतेवर वाकणाऱ्या पट्टीचे असतात, त्यामुळे हळू चालतात. निदान मिनिटभर थांबा. घाईत ‘काटा हलत नाही’ असं ठरवून डॅशबोर्ड उघडला जातो.

काटा खरंच हलला नाही तर फ्यूज बघा, मग मीटरच्या मागची, तांब्याच्या रेषा छापलेली प्रिंटेड पट्टी. तिच्या नटांखाली तांबं काळं पडतं, साध्या खोडरबराने साफ होतं. पेट्रोल आणि टेंपरेचर हे दोन्ही काटे एकदमच चुकत असतील तर टाकीचा विचारच सोडा. ज्या गाड्यांत दोन्ही काट्यांना एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरचा (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणाऱ्या भागाचा) पुरवठा असतो, तिथे दोष स्टॅबिलायझरचा. त्याचं अर्थिंग सुटलं की तो पूर्ण बॅटरी व्होल्टेज सोडतो आणि दोन्ही काटे जास्त दाखवतात.

आता टाकी. पाव टाकीपेक्षा कमी पेट्रोल, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला, गाडी उघड्यावर, जवळ अग्निशामक. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, म्हणून खड्ड्यात किंवा बंद गॅरेजमध्ये हे काम नको. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, काहींत टाकी उतरवावी लागते. युनिटभोवतीची माती आधी ब्रशने काढा, नाहीतर ती थेट टाकीत जाते आणि पुढे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये.

युनिट बाहेर आलं की फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडतो आहे, काटा कायम रिकामा का होता ते कळलं. भोक पडलेल्या पितळी फ्लोटला ज्योतीने डाग देऊ (सोल्डर करू) नका, आतली वाफ पेट घेते. नवीन फ्लोट स्वस्त पडतो. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून दांडी अगदी हळू वरखाली करा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच तुटत असेल तर पट्टी झिजली आहे. आपल्याकडे दोनशे-तीनशेचं पेट्रोल टाकत गाडी कायम पाव टाकीवर चालवतात, त्यामुळे पत्ती तेवढ्याच भागात घासत राहते आणि झीज बहुतेक खालच्या पाव भागात सापडते. पत्ती किंचित वाकवून दाब वाढवला तर काही महिने मिळतात, त्याहून जास्त अपेक्षा नको.

बदली युनिट घेताना रोधाची दिशा जुळवा. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकामी टाकी 0 आणि भरलेली 90 ओहम, व्हीडीओ (VDO) कंपनीच्या युनिटमध्ये रिकामी 10 आणि भरलेली 180. असं युनिट मारुतीत बसवलं तर काटा उलटा चालेल.

युनिट आणि टाकीमधलं रबरी पॅकिंग जुनं परत लावू नये, विशेषतः आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यावर. इथेनॉल चालणारं रबर मागून घ्या. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. मग बरणीने किंवा पंपावर पाच-पाच लिटर टाकत, दर वेळी मिनिटभर थांबून काटा कुठे येतो ते वहीत लिहा. भरलेल्या आणि रिकाम्या दोन्ही टोकांना सारखाच फरक पडत असेल तर फ्लोटची दांडी वाकलेली आहे, ती थोडी सरळ करून पुन्हा बघा.