२८ पुड्या

तिने पिशवी टेबलावर उपडी केली. रिकाम्या पुड्यांचा ढीग पडला, प्रत्येकीवर निळ्या पेनाने तारीख घातलेली. मी मोजल्या. २८.

बेळगावात वंध्यत्व उपचार केंद्रात नर्स म्हणून मला बारा वर्षं झाली. आमचे डॉक्टर हुबळीकडचे, त्यांना मराठी कळतं पण बोलता येत नाही. त्यामुळे मराठी पेशंटना औषधं समजावून सांगायचं काम माझ्याकडे.

ही वडगावची, वय ३४. घरात दोन माग, सकाळी आठपासून पत्र्याच्या शेडमध्ये कांड्या भरत बसते. रक्तातलं ड जीवनसत्त्व ९ आलं होतं. २० च्या खाली आलं की कमतरता धरतात, आणि आमच्याकडे २० च्या वर येणाऱ्या बायका थोड्याच. खानापूरकडून येणाऱ्या, दिवसभर भांगलणाऱ्या बायकांचंसुद्धा कमीच निघतं. साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, डोक्याला टॉवेल. उन्हात राबून अंगाला ऊन लागतच नाही.

डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली, आठवड्याला एक, आठ आठवडे. समजावताना मी म्हणाले, "हे वाढलं पाहिजे गं, मग गर्भ टिकतो."

त्या दिवशी ती आली ती गर्भाशयाचं अस्तर बघायला. अस्तर ८.६ मिलिमीटर, आजवरचं तिचं सगळ्यात चांगलं. पण चेहरा उतरलेला. आठ दिवस उलट्या, शौचाला होत नाही, तहान भागत नाही, रात्री चार-चारदा लघवीला उठते. आमच्या ज्युनिअरने हार्मोनच्या गोळ्यांचा त्रास म्हणून कागदावर लिहूनही टाकलं. मला तहान खटकली. त्या गोळ्यांनी मळमळतं, पण घसा असा कोरडा पडत नाही. मी विचारलं, पुडी कधी घेतेस?

"रोज एक घेतलो की ताई. दुधातनं."

कॅल्शियम १३.४ आलं, १०.५ च्या वर जाऊ नये ते. ड जीवनसत्त्वाच्या रिपोर्टवर आकडाच नव्हता, "१५० पेक्षा जास्त" एवढंच. त्याच दुपारी फिजिशियनकडे पाठवलं. चार दिवस सलाईन, लघवीवर नजर, मूत्रपिंडाची तपासणी. ट्रान्सफर, म्हणजे गोठवून ठेवलेला गर्भ गर्भाशयात सोडणं, रद्द.

पुडीवरची अक्षरं इंग्लिश, चिठ्ठीही इंग्लिश, दुकानदार कन्नडमध्ये बोलला. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. नवऱ्याने तीन वेगवेगळ्या दुकानांतून पुड्या आणल्या आणि एकानेही विचारलं नाही की एवढ्या कशाला. या गोष्टीचा मला अजून संताप येतो. सीमाभागात भाषेवरून आयुष्यभर भांडणं ऐकली, पण औषधाचा डोस बाईला कळेल अशा भाषेत लिहून द्यावा, यासाठी कुणी भांडताना मी पाहिलं नाही.

तरी दुकानदारावर सगळं ढकलून मला झोप लागत नाही. आठवड्याला एक, हे मी सांगितलं होतं. पण तिच्या डोक्यात राहिलं ते गर्भ टिकण्याचं वाक्य. सात वर्षं वाट बघणारी बाई असं वाक्य ऐकल्यावर आठवडा कशाला थांबेल?

आणि ते वाक्य तरी कितपत खरं? २०१८ मध्ये ११ अभ्यास एकत्र करून २,७०० बायकांची माहिती तपासली, तेव्हा ज्यांचं ड पुरेसं त्यांच्यात बाळंतपणापर्यंत जाणाऱ्या जास्त दिसल्या. आमच्याकडे सगळे तेच सांगतात. पण ज्यांचं ड बरं, त्यांचं वजन, खाणंपिणंही बरं असू शकतं. मग इटलीत ड कमी असलेल्या ६३० बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून अर्ध्यांना ६ लाख युनिटचा एकच डोस दिला, अर्ध्यांना औषध नसलेला तसाच डोस. २०२१ मध्ये निकाल छापून आला: डोस घेतलेल्यांत गर्भ राहिला ३७ टक्क्यांना, न घेतलेल्यांत ४० टक्क्यांना. फरक नाहीच. कमतरता असेल तर हाडांसाठी भरून काढावी, त्यात चूक नाही. पण गर्भाचं नाव घेऊन मी ती पुडी तिच्या हातात द्यायला नको होती.

तिचे तीन गर्भ उणे १९६ अंशांवर नायट्रोजनमध्ये आहेत, त्यांना काही झालेलं नाही. हे मी तिला दोनदा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं.

ड चरबीत साठतं, उतरायला महिने लागतात. मागच्या सोमवारी कॅल्शियम १०.१, ड अजून ९६. ट्रान्सफरची तारीख डॉक्टरांनी दिलेली नाही. रिपोर्ट हातात धरून ती म्हणाली, "ताई, लवकर उतरायला काय घेऊ?"

काहीच घ्यायचं नाही, असं मी तिच्या फाइलवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं.